इंजिनच्या कामात मोजमापाचीही मजुरी घ्या

जुन्या गाडीचे इंजिन खोलून मांडले की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो, "मिस्त्री, काय काय बदलावे लागेल?" या उत्तरावर त्याचे पैसे आणि गॅरेजचे नाव, दोन्ही अवलंबून असतात. दुर्दैवाने अनेक ठिकाणी हे उत्तर अंदाजाने दिले जाते.

एक मिस्त्री म्हणतो, "सगळे नवीन टाका, कटकट नको." दुसरा म्हणतो, "रिंगा बदलतो, बाकी चालून जाईल." पहिल्या सल्ल्याने गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होतो. दुसऱ्याने थोड्याच महिन्यांत गाडी निळा धूर फेकत परत येते. आमच्या मते दोघांची चूक एकच आहे. दोघांनीही मोजलेले नाही.

काही भाग न मोजता बदलावेत, याबद्दल वाद नाही. गॅस्केट, ऑइल सील, व्हॉल्व्ह सील, पिस्टन रिंगा, बिग एंड आणि मेन बेअरिंग, ऑइल फिल्टर, आणि टायमिंग बेल्ट असेल तर तोही. इंजिनच्या एकूण खर्चात हे भाग स्वस्त असतात; पण त्यातला एक जरी फसला तरी इंजिन पुन्हा उतरवावे लागते. येथे काटकसर करणे म्हणजे स्वतःचीच मजुरी बुडवणे होय.

खरा प्रश्न महाग भागांचा आहे. मारुती ८०० चेच उदाहरण घेऊ. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण तिचे इंजिन न खोललेला मिस्त्री विरळाच. तीन सिलिंडर, बोअर ६८.५ मिलिमीटर. सिलिंडर सर्वात जास्त झिजतो तो वर, जिथपर्यंत पहिली रिंग जाते तिथे. म्हणून बोअर गेज वर, मध्ये आणि खाली, तसेच क्रँकच्या दिशेने आणि तिला आडवी, अशी लावून मापे घ्यावी लागतात. झीज कंपनीच्या मर्यादेत असेल आणि पिस्टन चांगले असतील तर होनिंग करून नव्या रिंगा पुरतात. मर्यादेबाहेर असेल तर बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घालणे भाग आहे. माणसाचा केस ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. तेवढ्या फरकावर हजारो रुपयांचा निर्णय होतो, आणि तो फरक नखाने किंवा डोळ्याने कळत नाही.

क्रँकचेही तसेच. मायक्रोमीटरने जर्नल मोजावेत. अंडाकृती झाले असतील तर ग्राइंडिंग करून त्या मापाचे अंडरसाइज बेअरिंग घालावे. हेड सपाट आहे का ते पट्टी आणि फीलर गेजने पाहावे. ब्लॉक, कनेक्टिंग रॉड हे सरळ आणि बिनतड्याचे असतील तर जुनेच ठेवावेत. रॉडच्या आणि मेन बेअरिंगच्या कॅप मात्र खुणा करून जागच्या जागीच बसवाव्यात.

त्याही आधी इंजिन मुळात का बसले ते शोधावे. खोलण्यापूर्वी कॉम्प्रेशन तपासावे. सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकून ते वाढले तर दोष रिंगांकडे किंवा बोअरकडे. न वाढले तर व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे. गाडी तापून हेड वाकले असेल आणि रेडिएटर तसाच चोंदलेला ठेवला, तर नवे हेडही वाकेलच.

हे सगळे जाणकार मिस्त्रींना ठाऊक आहे. मग होत का नाही? कारण उघड आहे. मोजण्याचे पैसे कोणी देत नाही, आणि पार्टच्या दुकानातून कमिशन मिळते. जास्त पार्ट बदलले की कमाई जास्त. प्रामाणिकपणे "हा पिस्टन अजून चांगला आहे" म्हणणाऱ्याचे नुकसान होते. ही पद्धतच उलटी आहे, आणि ती मोडली पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंजिन खोलून, धुऊन, मोजून लेखी अहवाल देण्याची वेगळी मजुरी ठरवा आणि ती उघडपणे मागा. एका कागदावर तीन रकाने करा: नक्की बदलायचे, मापावरून बदलायचे, तसेच ठेवायचे. मधल्या रकान्यात घेतलेले माप आणि कंपनीची मर्यादा शेजारी शेजारी लिहा. काढलेले पार्ट गिऱ्हाइकाच्या हवाली करा. जे गिऱ्हाईक आज दहा ठिकाणी भाव विचारत फिरते, ते असा कागद पाहून थांबते.

नकली मालाची सबबही आता कमकुवत झाली आहे. ज्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. कुर्ल्याच्या किंवा पुण्यातील नाना पेठेच्या बाजारातून आणलेल्या मालाचे पक्के बिल घ्या आणि ते गिऱ्हाइकाला दाखवा.

मापात पाप नको, असे आपण तराजूबद्दल म्हणतो. खोललेले इंजिन ही मिस्त्रीच्या हाती दिलेली अमानत आहे, तिथेही तोच नियम लागू आहे. आपल्या शागीर्दांच्या हाती पान्याबरोबर मायक्रोमीटरही द्या. कंपनीच्या वर्कशॉपपुढे आपली गॅरेजे टिकायची असतील तर केवळ स्वस्त मजुरी पुरणार नाही. आपले माप खरे असते, हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे.