मुलाचे घर गुणांकाने ठरवावे का?

एखादे मूल बालकल्याण समितीपुढे आणले जाते, तेव्हा प्रश्न साधा दिसतो: आज रात्री ते कुठे झोपणार आणि पुढे कुणाकडे वाढणार? आईवडिलांकडे, नातेवाइकांकडे, प्रतिपालक कुटुंबात की बालगृहात, हे बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार एक अध्यक्ष व चार सदस्य ठरवतात. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. घरोघरी जाऊन तपासणी करणारी माणसे थोडी आणि प्रकरणे फार, हे प्रशासनात वावरलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी मशिन लर्निंगची मदत घ्यावी, ही सूचना आज ना उद्या येणारच. ती येण्यापूर्वी इतरत्र काय घडले, ते पाहून घेतलेले बरे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ॲलेघेनी कौंटीत ऑगस्ट २०१६ पासून अशी प्रणाली वापरात आहे. मुलाबद्दल तक्रारीचा दूरध्वनी आला की सरकारी नोंदी चाळून संगणक १ ते २० असा गुणांक देतो. मूल कुठे ठेवावे हे तो सांगत नाही. चौकशी करावी की नाही, एवढेच सुचवतो. पण मूल घरातून हलवण्याची वाट चौकशीतूनच जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले की, केवळ गुणांकावर विसंबले असते तर कृष्णवर्णीय मुलांच्या चौकशीचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या तुलनेत अधिकच वाढले असते. कर्मचाऱ्यांनी सुमारे एक तृतीयांश वेळा यंत्राशी असहमती दाखवल्यामुळे ही तफावत आटोक्यात राहिली. तांत्रिक दोषामुळे काही काळ चुकीचे गुणांक दाखवले गेले, तेव्हाही अनुभवी कर्मचारी त्यांना सहसा बळी पडले नाहीत.

इलिनॉय राज्याचा अनुभव याहून कडू आहे. तेथील एका प्रणालीने चार हजारांहून अधिक मुलांना मृत्यू वा गंभीर इजेची शक्यता ९० टक्के किंवा अधिक असल्याचे दाखवले, आणि प्रत्यक्षात मृत्यू पावलेली काही मुले मात्र तिच्या नजरेतून निसटली. २०१७ च्या अखेरीस राज्याने ती बंद केली. ऑरेगनने २०२२ मध्ये आपली प्रणाली गुंडाळली.

मूल कुठे ठेवावे, हे सुचवणाऱ्या यंत्राची अडचण याहून खोल आहे. असे यंत्र जुन्या निर्णयांवरून शिकते. बालगृहात पाठवलेल्या मुलाचे पुढे काय झाले, ते निदान काही अंशी नोंदले जाते. तेच मूल मावशीकडे राहिले असते तर काय झाले असते, याची नोंद कुठेच नसते. भारतात तर तराजू आधीच एका बाजूला झुकलेला आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने देशभरातील ९,५८९ संस्थांची माहिती तपासली. त्यांत सुमारे ३ लाख ७० हजार मुले होती. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे कायदा सांगतो. जुन्या कागदपत्रांवर शिकलेले यंत्र मात्र तोच पहिला उपाय म्हणून सुचवील.

त्या कागदपत्रांची प्रतही पाहावी. जिल्ह्यात असताना एका बालगृहाची प्रवेशनोंदवही मी सावकाश वाचली होती. ‘कारण’ या रकान्यात पानेच्या पाने ‘आई एकटी, गरिबी’ असे लिहिलेले होते. तो लिहिणाऱ्या कारकुनाचा संक्षेप होता, कुटुंबाचा इतिहास नव्हे. यंत्र त्या संक्षेपालाच पुरावा मानील आणि गरिबी हेच धोक्याचे चिन्ह ठरेल. अशाच आईसाठी मिशन वात्सल्यमध्ये दरमहा ४,००० रुपयांच्या प्रायोजकत्वाची तरतूद आहे, हे त्या रकान्यावरून त्याला कळणार नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवतो. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांविषयीच्या कायद्याने अनाथ व गरीब मुलांना एखाद्या मालकाकडे बांधून देता येत असे. चाळीस वर्षांनी, १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात, पालक नेमताना न्यायालयाने काय पाहावे ते लिहिले गेले: वय, धर्म, नात्याची जवळीक, पालकाचे चारित्र्य व कुवत, आणि मूल समजते असेल तर त्याची स्वतःची पसंती. वसाहतकाळातल्या कायद्यातही मुलाला विचारण्याची जागा होती. गुणांकात ती कुठे बसवणार?

दुसरा मुद्दा अपिलाचा. समितीच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत दाद मागता येते. बहुतेक बाबींत बाल न्यायालयाकडे, प्रतिपालकत्वाच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्यांकडे. दाद कारणांविरुद्ध मागितली जाते. ‘सतरा’ या आकड्याविरुद्ध मजुरी करणाऱ्या आईने कोणता युक्तिवाद करावा? ॲलेघेनीत तर हा आकडा कुटुंबाला दाखवलाही जात नाही. दत्तकविधानासाठी आपल्याकडे संगणकप्रणाली आहेच, पण ती ज्येष्ठताक्रमाने चालते. तो नियम माणसांनी लिहिलेला आहे, कुणालाही वाचता येतो आणि त्यावर भांडताही येते.

म्हणून यंत्राला दारातून परतवावे, असे माझे मत नाही. जोखमीचा गुणांक नको. शोधाचे काम जरूर द्यावे. शेजारच्या तालुक्यात मुलाची भाषा बोलणारे प्रतिपालक कुटुंब आहे का, भावंडांना एकत्र ठेवता येईल असे ठिकाण कुठे आहे, कोणत्या मुलाच्या प्रकरणाचा आढावा रखडला आहे, हे समितीला क्षणात समोर मिळाले तर तिचे आदेश सुधारतील. निर्णयाची कारणे सदस्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहावीत आणि यंत्राने काही सुचवले असेल तर ते पालकांना त्यांच्या भाषेत सांगावे. मात्र शोधण्यासाठी आधी यादी हवी. प्रतिपालक कुटुंबांची आणि मूल सांभाळायला तयार असलेल्या नातेवाइकांची यादी गृहभेटींतूनच तयार होते, आणि त्यासाठी जिल्हा बालसंरक्षण कक्षातील रिकामी पदे आधी भरावी लागतील.