दिव्यापुढचा अंधार

निवृत्तीनंतर मोटार घ्यावी की घेऊ नये, यावर आमच्या घरी सहा महिने खल चालला होता. अखेर तडजोड म्हणून २००९ सालची एक लहान, जुनी मोटार दाराशी आली. इंजिन चांगले, टायर बरे, कागदपत्रे चोख. मोटार पाहावयास आम्ही गेलो ते भर दुपारी बारा वाजता. त्यामुळे तिचे दिवे लावून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही. वाचकांपैकी कोणी जुने वाहन घेण्याच्या विचारात असतील तर त्यांनी सौदा खुशाल दिवसा करावा, पण पैसे मोजण्यापूर्वी गाडी एकदा रात्री चालवून पाहावी.

आम्हांस हे कळले गेल्या कार्तिकात. महेश्वरला नर्मदास्नान आटोपून परत इंदूरला निघावयास सूर्यास्त झाला. महेश्वर ते धामनोद हा रस्ता फार लांबीचा नाही, पण दिवस कापसाचे होते. निमाडात त्या दिवसांत कापसाने ओसंडणाऱ्या ट्रॉल्या रात्रभर चालतात, आणि त्यांतील कित्येकींच्या मागे लाल दिवा तर सोडाच, चकाकणारी पट्टीही नसते. आमच्या गाडीपुढे पिवळसर, मिणमिणता उजेड पडत होता. अशी एक ट्रॉली पुढे आहे हे मला कळले तेव्हा ती वीस पावलांवर होती. सौ.च्या तोंडून “अहो!” एवढेच बाहेर पडले. गाडी थांबली तेव्हा कापसाचा एक लोंबता पुंजका आमच्या बॉनेटला टेकला होता.

घरी आल्यावर मी कागदावर हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तेथेच संपले. नंतर कोरड्या रस्त्यावर थांबावयास आणखी वीसेक मीटर. म्हणजे ४५ मीटरवरची वस्तू दिसलीच पाहिजे. मला दिसत होती ती पंधरावर! त्या रात्री आम्ही वाचलो ते केवळ माझा वेग चाळिशीच्याही खाली होता म्हणून, आणि उरलेले श्रेय नर्मदामाईचे.

पुतण्या म्हणाला, “काका, ह्यात काय मोठं? एलईडी बल्ब टाका.” अडीच हजारांची जोडी आली. जुने बल्ब काढून नवे बसवावयास दहा मिनिटेही लागली नाहीत. संध्याकाळी दिवे लावले आणि समोरच्या इमारतीची भिंत लग्नमंडपासारखी उजळली. राजेंद्रनगरातल्या आमच्या गल्लीतील चारदोन मंडळी ते पाहावयासही आली. मी प्रसन्न होतो. समोरून येणारे लोक माझ्याकडे पाहून वारंवार दिवे उघडझाप करीत. ते मी बरेच दिवस मनावर घेतले नाही. माझा दिवा तर डिपरवर होता.

पंधरवड्याने, पहाटेच्या अंधारात मी स्टेशनवर मेहुण्यांना आणावयास निघालो होतो. अरुंद रस्ता, समोरून सायकलवर दोन्ही बाजूंस दुधाच्या कॅन लटकावून येणारा दूधवाला. मला तो स्वच्छ दिसत होता. पाहता पाहता तो रस्त्याच्या कडेला सरकला आणि सायकलसह खालच्या चरात कोसळला. मी धावलो. गुडघा फुटला होता, एक कॅन संपूर्ण सांडली होती. रागावण्याऐवजी तो जे बोलला ते अजून माझ्या कानांत आहे. “बाबूजी, गाड़ी तो दिखी ही नहीं. बस उजाला दिखा. नीचे सड़क है कि नाली, कुछ समझ में नहीं आया.”

दुधाचे पैसे मी दिले, मलमपट्टी करविली. पण मन स्वस्थ बसेना. महेश्वरच्या वाटेवर मी आंधळा होतो. येथे मी दुसऱ्याला आंधळे केले होते.

मोटारींच्या विजेचे काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने काही न बोलता माझा नवा एलईडी बल्ब आणि एक साधा हॅलोजन बल्ब शेजारीशेजारी ठेवले आणि म्हणाला, “देखिए, फर्क क्या है.” तो फरक कोणालाही घरी पाहता येण्यासारखा आहे. हॅलोजनचा हा एच-४ जातीचा बल्ब १९७१ पासून जगभर चालत आलेला आहे. त्यात दोन तारा असतात, एक ६० वॅटची अप्परसाठी आणि एक ५५ वॅटची डिपरसाठी. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. त्या तारेचा खाली जाणारा उजेड ही वाटी अडविते, म्हणून रिफ्लेक्टरच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तेथून तो खाली, रस्त्याकडे वळतो. समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत जावयाचा उजेड त्या नखाएवढ्या वाटीने रोखलेला असतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक त्या केसाएवढ्या तारेची जागा धरून आखलेला असतो. एलईडीत तार नाही. एका जाड पट्टीच्या दोन्ही अंगांस चिपा बसविलेल्या असतात. उजेडाचा उगम जागेवरून हलला की रिफ्लेक्टर तो वाटेल तेथे फेकतो. काही रस्त्यावर, काही झाडांच्या शेंड्यांवर, उरलेला दूधवाल्याच्या डोळ्यांत.

पूर्वी ट्रक आणि बसच्या दिव्यांवर काळ्या रंगाचा पट्टा किंवा ठिपका फासलेला असे, तो आमच्या पिढीस आठवत असेल. उपाय ओबडधोबड होता, हेतू हाच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतही पुढच्या दिव्याचा झोत ८ मीटरवर असलेल्या माणसाचे डोळे दिपणार नाहीत इतका खाली झुकलेला असावा, असे सांगितले आहे. आम्ही वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी नियम पाठ केले, पण हा काही पाठ केल्याचे स्मरत नाही.

मग माझा मूळचा दिवा मिणमिणता का होता? मिस्त्रीने जुनेच बल्ब बसविले, इंजिन चालू केले आणि मीटर लावले. बॅटरीपाशी १३.८ व्होल्ट. दिव्याच्या खोबणीपाशी ११.९. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच नाहीसे! कारखान्याच्या योजनेत दिव्याची सारी वीज चालकाच्या हाताशी असलेल्या बटणातून, लांबच लांब बारीक तारांतून फिरून येते. वर्षे लोटली की जोड गंजतात, बटणाचे पत्रे काळवंडतात, अर्थिंग सैल होते. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्के घटले तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. माझ्या दिव्याचा चाळीस टक्के उजेड अशा तऱ्हेने तारांतच मुरत होता, आणि मी बल्बला दोष देत होतो.

त्याने बॅटरीपासून दिव्यांपर्यंत नवी जाड तार ओढली, बॅटरीलगत फ्यूज घातला आणि मध्ये दोन रिले बसविले, एक अप्परचा आणि एक डिपरचा. आता जुन्या बटणातून जाते ती रिलेला इशारा देण्यापुरती किंचितशी वीज. दिव्याचा खरा भार नव्या तारेवर. खोबणीपाशी १३.४ व्होल्ट आले. पुतण्याचे म्हणणे होते की मग १०० वॅटचे बल्बच का घालू नयेत? दोन दिव्यांची वीज नऊ अँपिअरवरून सोळाच्या पुढे जाते, जुन्या तारा आणि खोबणी वितळतात, आणि समोरच्याला त्रास तो आहेच, असे उत्तर त्याला मिळाले. एलईडी वाईट असे मात्र कोणी समजू नये. ज्या दिव्याची घडणच एलईडीसाठी झाली आहे, त्याचा उजेड उत्तम आणि नेमका पडतो. परक्या घरात नेऊन बसविलेला एलईडी मात्र घातक.

दिव्यांची काच म्हणजे प्लास्टिकच, पंधरा वर्षांच्या उन्हाने पिवळी धुरकट झाली होती. ती पाणी लावून ८०० नंबरच्या वॉटर पेपरने, मग १५०० आणि ३००० नंबरच्या पेपरने घासली, पॉलिश केली आणि वर ऊन सोसणारे लॅकर दिले. हे लॅकर चुकवू नये. अन्यथा चकाकी थोड्याच महिन्यांत जाते. टूथपेस्ट लावण्याचा घरगुती प्रयोग मीही केला होता. आठवडाभर टिकला. रिफ्लेक्टरचा मुलामाच उडाला असेल तर मात्र पूर्ण दिवा बदलण्यावाचून गत्यंतर नाही. तो बदलताना आपल्या डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचाच घ्यावा. त्याचा झोत डाव्या कडेला वर चढतो, पायी चालणारे दिसावेत म्हणून; परदेशी उजव्या वाहतुकीचा दिवा तोच झोत समोरच्यावर चढवितो.

शेवटचे काम बिनखर्चाचे होते. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली, टायरांत हवा बरोबर, चालकाच्या जागी माणूस बसलेला. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि तिच्या दहा सेंटिमीटर खाली दुसरी रेघ. डिपरच्या उजेडाची वरची कड या दुसऱ्या रेघेवर यावयास हवी. आमचा डावा दिवा जमिनीकडे पाहत होता आणि उजवा आकाशाकडे. मागचे स्क्रू फिरवून दोन्ही रेघेवर आणले. नवे हॅलोजन बसविताना मिस्त्रीने काचेला बोट लावू दिले नाही. बोटाचा तेलकटपणा तापून बल्ब फुटतो.

जाताजाता तो म्हणाला, “बाबूजी, एक बार आँख भी दिखा लेना.” दाखविली. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्याच्या सुमारे तिसरा हिस्सा असतो, असे नेत्रतज्ज्ञांनी समजावून सांगितले. शिवाय मोतीबिंदूची सुरुवात निघाली. ती मी पुतण्याला अद्याप सांगितलेली नाही.

माघात पुन्हा महेश्वरला गेलो. परतीस पुन्हा अंधार झाला. त्याच रस्त्यावर एक ट्रॉली या वेळी साठेक पावलांवरून दिसली आणि मी सावकाश वेग उतरविला. चमत्कार असा काही नाही. त्या रस्त्यावर रात्री मी आता चाळिशीच्या वर जात नाही, एवढेच. दूधवाला अधूनमधून पहाटे भेटतो. मी डिपर देतो, तो हात वर करतो. पण अजूनही माझी गाडी येताना दिसली की तो आधी सायकलवरून खाली उतरतो आणि मी पुढे जाईपर्यंत उभा राहतो.