अडकलेले इंजिन आणि सब्राची मजुरी

द्रुतगती महामार्गावरील टोलनाक्यामुळे आमच्या उर्से गावाचे नाव मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना ठाऊक झाले. पण त्या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. कपड्याचे गाठोडे बांधून आठवडी बाजार करणारा माझ्यासारखा व्यापारी जुन्या रस्त्यानेच जातो आणि त्याची मोटारसायकल हेच त्याचे अर्धे दुकान असते. ती उभी राहिली की गल्लाही उभा राहतो. म्हणूनच व्यापाराच्या पानावर इंजिनाची गोष्ट सांगण्याचे धाडस करीत आहे.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, बाजार बंद पडले. माझी 100 सीसीची जुनी फोर स्ट्रोक गाडी पडवीत लावली. साफ करण्यासाठी प्लग काढला होता, तो परत बसवायचे राहिले. भोकात कपड्याचा बोळा कोंबला. कापडाच्या व्यापाऱ्याला दुसरे काय सुचणार! 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आले, मावळात कितीतरी घरांचे पत्रे उडाले, त्यात आमच्या पडवीचेही गेले. गाडी पावसात भिजली आणि तो बोळा पाणी धरून बसला. बाजार सुरू झाल्यावर किक मारली, तर ती दगडासारखी घट्ट.

मिस्त्रींनी गाडी पाहिली. म्हणाले, "शेठ, पिस्टन धरलाय. भिजत ठेवावे लागेल. आठवडा जाईल, सोडवायची मजुरी पाचशे." मला ते पटले नाही. तेल ओतून वाट पाहायची, याचे पाचशे रुपये कसले? गाडी घरी आणली. मी आणि मुलगा आळीपाळीने किकवर उभे राहिलो. सिलिंडरवर हातोडी चालवली. फुलीच्या खाचेचे स्क्रू चुकीच्या पेचकसाने फिरवून त्यांची डोकी गोल केली. शेवटी किकच्या शाफ्टचे दाते गेले, सिलिंडरची एक फिन तुटली आणि गाडी त्याच मिस्त्रींच्या दारात टेम्पोतून गेली. पाचशे वाचवण्याच्या नादात तिप्पट गेले आणि तीन बाजार बुडाले, ते वेगळेच.

मिस्त्रींनी नंतर जे समजावले ते प्रत्येक गाडीवाल्याने ध्यानात ठेवावे असे आहे. सिलिंडरची आतली भिंत बिडाची असते. ओल लागली की ती गंजते आणि पिस्टनच्या रिंगा त्या गंजात रुततात. बाहेर ॲल्युमिनियमच्या झाकणात पोलादी स्क्रू असतात. दोन धातूंमध्ये ओल शिरली की पांढरी भुकटी धरते आणि आटे जाम होतात. दोन्ही ठिकाणी जोर लावला तर धातू तुटतो, गंज सुटत नाही.

उपाय साधा आहे, पण सावकाशीचा. प्लग काढून भोकातून दोन-तीन चमचे डिझेल आणि तितकेच इंजिन ऑइल सोडावे. रोज थोडे घालावे, तीन-चार दिवस थांबावे. मग गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन, वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने मागे-पुढे हलवावे. किकला हात लावू नये. बोटभर हालचाल झाली तरी काम जमले समजावे आणि पुन्हा भिजू द्यावे. जाम स्क्रूसाठी ऊब लागते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, म्हणून उकळत्या पाण्यात बुडवलेले फडके झाकणावर ठेवले की आटे सैल होतात. स्क्रू आधी किंचित आवळून मग सोडवावा. पेट्रोलच्या गाडीजवळ ज्योत कधीही नेऊ नये. इंजिन फिरू लागले तरी लगेच चालू करू नये. डिझेल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलेले असते, ते सारे काढून नवे भरावे. एवढे करूनही चाक हलले नाही, तर आपला हात तिथेच थांबवावा. पुढचे काम उस्तादाचे. आत खड्डे पडले असतील तर बोअर करून मोठा पिस्टन बसवावा लागतो. ते लेथवरचे काम आहे, अंगणातले नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण रफूगाराला पैसे देतो ते वीतभर दोऱ्याचे देत नाही, त्याच्या नजरेचे आणि सब्राचे देतो. मग मिस्त्रीच्या सब्राची मजुरी का जड वाटते? काम लवकर झाले की "एवढ्याशा कामाचे एवढे?" आणि उशीर झाला की "इतके दिवस काय केले?" गिऱ्हाईक असा दोन्हीकडून तोलू लागला, की कारागीरही हातोडीच उचलतो आणि नुकसान दोघांचेही होते.

पण दोष एका बाजूचा नाही. मिस्त्री बांधवांनीही गाडीला हात लावण्यापूर्वी चिठ्ठीवर लिहून द्यावे: सोडवायची मजुरी वेगळी किती, बोल्ट तुटला तर ड्रिल आणि नवे आटे पाडण्याचा खर्च किती, मुदत किती. न बोललेला खर्च नंतर सांगितला की तो खरा असूनही खोटा वाटतो. आणि गिऱ्हाइकाने आपण घरी काय उद्योग केले ते लपवू नये. डागी ठाण आपण डाग दाखवून विकतो. मी मात्र हातोडीची गोष्ट मिस्त्रींपासून दडवली होती. तुटलेल्या फिनने ती सांगितलीच.

आता पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असली, तर मी प्लग जागेवर बसवतो आणि आठवड्यातून एकदा इंजिन चालू करतो. बोळा मात्र पुन्हा कोंबला नाही. कापड विकण्यासाठी आहे, इंजिनात भरण्यासाठी नाही.