अहेरीच्या लक्ष्मीबाईंचं पान वगळू नका

नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेलं प्रेस्कॉटचं ‘हिस्टरी ऑफ द कॉन्क्वेस्ट ऑफ पेरू’ माझ्याकडे आहे. लंडनची जुनी छपाई, पाठीचं चामडं सुटलेलं, समास कसरीने कुरतडलेला. जुन्या पुस्तकांचा नाद असलेले एक स्नेही म्हणतात, जरा धड असतं तर चार पैसे आले असते. इन्का राजा आताहुआल्पाने सुटकेसाठी जी खोली सोन्याने भरून द्यायचं कबूल केलं, तिचं माप ज्या पानावर आहे तिथे कुणा जुन्या मालकाने पेन्सिलीने गुणाकार मांडून ठेवलाय: १७ गुणिले २२ गुणिले ९, ३३६६ घनफूट. पुढे स्पॅनिश लोकांनी सोनं वितळवून वाटून घेतलं आणि १५३३ मध्ये राजाचा गळा आवळला. त्या पानावर मात्र पेन्सिल फिरलेली नाही!

प्रेस्कॉट बॉस्टनचा. कॉलेजच्या भोजनगृहात कुणीतरी भिरकावलेला पावाचा तुकडा लागून त्याचा एक डोळा गेला, दुसराही पुढे अधू झाला. माद्रिदहून हस्तलिखितांच्या नकला मागवायच्या, दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या आणि तारांच्या चौकटीवर हात ठेवून न बघता लिहायचं, अशा रीतीने त्याने १८४३ मध्ये मेक्सिकोचा आणि १८४७ मध्ये पेरूचा इतिहास छापला. दोन्ही देश त्याने कधी पाहिले नाहीत. जिंकणाऱ्यांचीच कागदपत्रं हाताशी, त्यामुळे डोळा त्यांचाच. तरी एक गोष्ट त्याने लपवली नाही. स्पॅनिश सरदार कोर्तेसच्या मूठभर शिपायांच्या बळावर मेक्सिको पडलं नाही. अझ्टेकांशी जुनं वैर असलेले त्लाक्स्कालाचे हजारो लढवय्ये त्याच्या बाजूने होते. पेरू जिंकणारा पिझारोही तिथे उतरला तेव्हा दोन भावांमधली यादवी नुकतीच संपली होती.

हे वाचताना गडचिरोलीकडच्या अहेरीच्या माणसाला आपलं गाव आठवल्याशिवाय राहत नाही. निदान मला तरी.

नागपूरचे भोसले निपुत्रिक वारले म्हणून इंग्रजांनी १८५४ मध्ये राज्य खालसा केलं, त्यातच चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, गेलं. चारच वर्षांनी मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके उठले. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चुंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, गार्टलँड आणि हॉल मारले गेले, तिसरा पीटर निसटला. चांद्याच्या कॅप्टन क्रिक्टनला जंगलात शिरून बाबुराव काही सापडेनात. मग त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब आणला. सप्टेंबरमध्ये त्यांच्या माणसांनी बाबुरावांना धरून दिलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. व्यंकटराव बस्तरकडे गेले, पण १८६० मध्ये पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. त्यांच्या जप्त जमीनदारीतली ६७ गावं लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

हे सगळं साहेबानेच लिहून ठेवलंय. १९०९ चं चांदा जिल्ह्याचं गॅझेटियर वाचा. त्यात बाबुराव बंडखोर आणि लक्ष्मीबाई राजनिष्ठ. विशेषणं उलटी करून घ्यावी लागतात, हकिगत मात्र जागच्या जागी असते. आपल्याकडे नेमकं याच्या उलट चाललंय. बाबुरावांचं टपाल तिकीट निघालं, दरवर्षी तुरुंगातल्या त्या फाशीच्या पिंपळाशी हार चढतात, भाषणं होतात. आणि त्यांना पकडून दिलं कुणी, हा प्रश्न आला की वक्ता ‘इंग्रजांनी कपटाने’ म्हणून पुढे सरकतो. अहेरीत तर हा विषय काढला की समोरचा चहा मागवतो.

मला लक्ष्मीबाईंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. मोठी जमीनदारी, डोक्यावर क्रिक्टनची धमकी, शेजारी पेटलेलं बंड. त्या कशाला घाबरल्या, कुणाचा सल्ला ऐकला, ६७ गावांचा मोह आधी होता की नंतर आला, हे विचारण्यात आजच्या कुणाची बेअदबी होत नाही. दीडशेहून अधिक वर्षं उलटली. विचारलं नाही तर क्रिक्टनचं एकट्याचं म्हणणं तेवढं शिल्लक राहील. मेक्सिकोत सहागुन नावाच्या पाद्र्याने सोळाव्या शतकातच नाहुआ म्हाताऱ्यांना बसवून त्यांच्याच भाषेत पाडावाची हकिगत उतरवून घेतली, म्हणून तिथल्या हरलेल्यांची बाजू आज वाचता येते. गॅझेटियरवाल्यांनी इथल्या कुणा माडिया म्हाताऱ्याची बाजू त्याच्या शब्दांत छापलेली नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गॅझेटियरमधला १८५८ चा भाग मराठीत, तळटिपांसह, शाळकरी पोराच्या खिशाला परवडेल अशा किमतीत छापा. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, त्याने हे काम अंगावर घ्यावं. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या जुन्या आवृत्तीला मी तरी ठेवा म्हणणार नाही. एका वाचनालयात असलं पुस्तक मागितलं तेव्हा ‘जुनं आहे, देता येत नाही’ असं उत्तर मिळालं. मग ठेवलंय कशाला?

दुसरं काम विद्यापीठाची वाट न पाहता होण्यासारखं आहे. अहेरी, एटापल्ली, भामरागडकडे ज्यांच्या घरी या बंडाबद्दल आजोबा-पणजोबांकडून ऐकलेलं काही सांगितलं जात असेल, त्यांनी ते माडिया, तेलुगू, मराठी, ज्या भाषेत असेल त्या भाषेत मोबाइलवर बोलून ठेवावं. सुरुवातीला सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख घ्यायला विसरू नका, आणि लक्ष्मीबाईंचा विषय आला तर मध्येच थांबवू नका.