दोन जिवांचे औषध

गरोदर स्त्रीला आपण ‘दोन जिवांची’ म्हणतो. तिच्या ताटात काय वाढावे, याची चिंता सारे घर वाहते. पपई खाऊ नये, हे तर शेजारीणही सांगते. डोके दुखले म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

आईकडून गर्भाला पोषण पोहोचवणारी वार अपायकारक द्रव्ये अडवून धरते, असा समज एके काळी वैद्यकातही होता. थॅलिडोमाइडने तो खोटा ठरवला. हे झोपेचे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आले, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळणारे. निर्धोक अशी त्याची ख्याती असल्याने गरोदरपणातील मळमळीवरही ते दिले जाऊ लागले. पुढे हातपाय खुंटलेली बालके जन्मास येऊ लागली. जर्मनीतील विडुकिंड लेन्झ व ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी १९६१ मध्ये धोक्याची सूचना दिली आणि त्याच वर्षी जर्मनीत विक्री थांबली. तोवर जगभर १०,०००हून अधिक बालके बाधित झाल्याचा अंदाज आहे.

अमेरिकेत या औषधाला त्या काळी विक्रीची परवानगी मिळालीच नाही. तेथील औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झालेल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा म्हणून कंपनीचा अर्ज पुनःपुन्हा रोखून धरला. ‘अपाय दिसला नाही’ आणि ‘अपाय होत नाही’ यांतील अंतर त्यांनी ओळखले होते. या साऱ्या प्रकरणात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

थॅलिडोमाइडचा घात गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ या दिवसांत होई. त्या अवधीत आपण गरोदर आहोत, हे पुष्कळ स्त्रियांना ठाऊकही नसते. म्हणून सगळी जबाबदारी तिच्यावर टाकणे अन्यायाचे होय. पाळी चुकली आहे का, हे औषध लिहून देणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही विचारले पाहिजे. तेथे संकोच कशाचा?

भीतीपोटी सर्वच औषधे टाकून देणे हेही तितकेच घातक. फेफऱ्यावरील सोडियम व्हॅल्प्रोएट गर्भास अपाय करू शकते, हे खरे; परंतु ते बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचा, आणि शक्यतो गर्भधारणेपूर्वीच घ्यावयाचा. एकाएकी गोळी बंद केली आणि झटका आला, तर दोन्ही जीव संकटात पडतात. आरोग्यकेंद्रात मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या तर घ्यावयाच्याच असतात. बाळ फार मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल, या धास्तीने त्या फडताळात ठेवून देणारी घरेही आहेतच.