जादूचं पुस्तक मागणाऱ्या मुलीला गाईड देऊ नका

स्पष्टच लिहितो. राग आला तर येऊ द्या.

मागच्या शनिवारी वाचनालयात पुस्तकं द्यायला बसलो होतो. सातवीतली एक मुलगी आली. आश्रमशाळेत शिकते, घरी वारली बोलते. कपाटापुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, "दादा, जादूचं पुस्तक हाय का?" मी उठायच्या आत शेजारी बसलेल्या एका मान्यवरांनी तिच्या हातात सामान्य ज्ञानाचं गाईड ठेवलं. "हे वाच. जादूबिदू काय कामाची? पुढे परीक्षा द्यायच्यात ना?"

काल गाईड परत आलं. विचारलं, किती वाचलंस? ती नुसती हसली. दुसरं काही मागितलं नाही तिने.

हे एकट्या त्या गृहस्थांचं नाही. 'मुलांनी वाचलीच पाहिजेत अशी पुस्तकं' म्हणून ज्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात त्या बघा. श्यामची आई, अग्निपंख, थोरांची चरित्रं. चांगलीच पुस्तकं आहेत, माझं भांडण त्यांच्याशी नाही. पण अख्ख्या यादीत एक राक्षस नाही, एक उडणारा घोडा नाही. मोठ्यांच्या यादीत तर विचारूच नका. चाळिशीतला माणूस जादूगाराची कादंबरी वाचतो म्हटलं की लोक हसतात.

गंमत म्हणजे हसणाऱ्यांनी 'मृत्युंजय' तीनतीनदा वाचलेली असते. अंगावर कवच घेऊन जन्मलेलं मूल तिथे चालतं. "ते पौराणिक आहे हो!" म्हणजे जुनी जादू चालते, नवी नाही? शिवाय मराठी कादंबरी वयात येत होती तेव्हा अद्भुताच्याच खांद्यावर होती. १८६१ ची 'मुक्तामाला', १८६८ ची 'मंजुघोषा', पुढे १९१३ साली नाथमाधवांची 'वीरधवल'. मोठी माणसं आवडीने वाचत होती. नंतर आपण शहाणे झालो आणि हे सगळं पोरांच्या फळीवर ढकललं. मग चांदोबाही बंद पडला. आता ती फळीसुद्धा गाईडने भरायची?

आमच्या काही पुरोगामी मित्रांचा आक्षेप वेगळा आहे. म्हणतात, आपल्या भागात आधीच भगत आणि भुताळीची भीती, त्यात ही पुस्तकं कशाला? या मित्रांबद्दल मला आदर आहे, पण इथे ते चुकतात. एखाद्या बाईला भुताळी ठरवणारा माणूस गोष्ट वाचत नसतो, तो गोष्ट खरी मानत असतो. ज्या पोराने दहा जादूगार पुस्तकात भेटवले, त्याला कळतं की हे कुणीतरी बसून रचलंय. मग समोर कुणी रचून सांगायला लागला तरी त्याच्या लक्षात येतं. अंधश्रद्धेला ही पुस्तकं खतपाणी घालत नाहीत, उलट रचलेलं ओळखायची सवय लावतात.

आणि भाषेचं काय? वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी ही दुसरी भाषाच आहे. अवघड शब्दावर अडलं तरी पुढचं पान उलटायचं, यासाठी पुढे काय झालं याची ओढ लागते. ती गाईडमध्ये कुठून येणार?

आता कोणती पुस्तकं घ्यावीत ते सांगतो. 'हॅरी पॉटर आणि परीस' मराठीत आहे, पाचवी-सहावीपासून द्या. 'हॉबिट'ही मराठीत आहे. कॉलेजची जी मुलं इंग्रजीशी झटापट करतायत त्यांना अर्सुला ले ग्विनचं १९६८ चं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' द्या. छोटं आहे, आणि त्यातला नायक गोरा नाही, तांबूस-सावळा आहे, शेळ्या राखणारा. आपल्या पोरांना हे सांगायला लागत नाही, ती स्वतःच ओळखतात.

मोठ्यांसाठी एकच सांगतो. टॉल्किनचं 'स्वामी मुद्रिकांचा', मुग्धा कर्णिकांचा अनुवाद. जाडजूड आहे, सिनेमा पाहिलाय म्हणून टाळू नका, कारण शेवटाकडचा महत्त्वाचा भाग सिनेमात नाहीच. लढाई जिंकून चौघे आपल्या गावी परततात तर गावच ओळखू येत नाही. झाडं तोडलेली, जुन्या गिरणीच्या जागी धूर ओकणारी नवी, जागोजागी नियम आणि पहारेकरी. सगळ्यांना सारखं वाटायचं म्हणून लोकांचं पीक गोळा करून नेतात, वाटप काही होत नाही. मग गावकरी उठतात. बुलेट ट्रेन आणि एक्सप्रेसवेसाठी ज्यांच्या जमिनीची मोजणी झाली, वाढवण बंदराच्या बातम्या जे पोटात गोळा आणून वाचतात, त्यांनी हा भाग वाचून मला सांगावं की हे लहान मुलांचं पुस्तक आहे. ज्यांच्या घरी गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आहे, त्यांना तो शेवट परका वाटणार नाही.

हां, एक टोमणा मला ऐकू येतोय. सगळं बाहेरचंच का सांगतोस? बरोबर आहे. घांगळीवर कणसरीची कथा गाणारे अजून आपल्या पाड्यांवर आहेत. जिव्या सोमा म्हसेंच्या चित्रांना जगाने डोक्यावर घेतलं, भिंतीवर टांगायला वारली चित्र सगळ्यांना हवं. पण त्या चित्रांमागच्या गोष्टी सातवीतल्या मुलीला एका बैठकीत वाचता येतील अशा पुस्तकात, वारली आणि मराठी समोरासमोर छापून, आमच्या कपाटात मला एकही सापडली नाही. सेल्फी पॉइंटला रंगवलेला तारपा मात्र सापडतो.

तर या महिन्यात वाचनालयाच्या खरेदीची यादी होणार आहे. मान्यवरांनी गाईडं सुचवावीत, त्यांचा हक्क आहे. मी वरची पुस्तकं लेखी सुचवतोय, सभासदांनी सही करायला यावं. कुणाच्या माळ्यावर चांदोबाचे जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका, इकडे आणून द्या. परीस मी माझ्या पैशाने मागवलंय. शनिवारपर्यंत यायला हवं, कारण ती मुलगी शनिवारीच येते.