कंदील विकत का घेता?

दिवाळीला आठ दिवस उरले, की बाजारातल्या दुकानांच्या दारांत प्लॅस्टिकचे आकाशकंदील लोंबू लागतात. वडील घासाघीस करतात, आई रंग निवडते, आणि मूल? मुलाने पिशवी धरायची! दिवाळीतल्या सर्वांत मौजेच्या कामात त्याच्या वाट्याला हमाली यावी, याला माझा सक्त विरोध आहे.

“अहो मास्तर, कंदील करीत बसायला वेळ कुणाला आहे?” असे मला ऐकवण्यात येते. तेव्हा वेळाचा हिशेबच सांगतो. खराट्यातले सारख्या लांबीचे २४ हीर काढा. चार-चार हिरांचे सहा चौकोन दोऱ्याने बांधा. मग ते कोपऱ्यांशी असे जोडा, की प्रत्येक कोपऱ्यात दोनच चौकोन भेटतील. आता गंमत पाहा. अधूनमधून आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. त्यांच्यासाठी एक काडीही जादा लागत नाही. वरचा व खालचा चौकोन उघडा ठेवून बाकी सगळीकडे पतंगाचा कागद कणकेच्या खळीने चिकटवा. तोवर डुगडुगणारा सांगाडा कागद वाळताच ताठ होतो. खाली झिरमिळ्या सोडा. पूर्वी आत पणती ठेवीत आणि कागद पेटण्याची धास्ती असे; आता एल.ई.डी.चा लहानसा दिवा पुरतो. सुट्टीची एक दुपार, कागदाचे दोन-तीन ताव आणि मूठभर कणीक, एवढेच भांडवल. भूमितीचा धडा वर फुकट!

परंतु पैसे वाचतात म्हणून हे करा, असे माझे म्हणणे नाही. प्रश्न पैशांहून मोठा आहे. शाळांतून कंदिलांच्या स्पर्धा होतात. टेबलावरचा कोणता कंदील मुलाच्या हातचा, कोणता काकांच्या हातचा आणि कोणता दुकानातला, हे ओळखायला मला चष्मा लागत नाही. तरी बक्षीस बहुधा सफाईला मिळते. ज्याच्या कागदावर खळीची बोटे उमटलेली असतात, तो पोरगा आपला कंदील बाकाखाली सारतो. स्वतः करणे लाजिरवाणे आणि विकत आणणे प्रतिष्ठेचे, हा धडा आपण त्याला देतो. आणि मग हीच मुले हाताने काही करीत नाहीत म्हणून आपणच गळा काढतो!

हे दुखणे आपल्यापुरतेच नाही. आयर्लंडमधले लोक ३१ ऑक्टोबरच्या रात्री शेतातला सलगम पोखरून त्यात दिवा लावीत. त्यांतले जे अमेरिकेत गेले, त्यांनी तिथला भोपळा पोखरला. घरी होते तेच त्यांनी हाताशी घेतले. आज त्याही सणासाठी दुकाने प्लॅस्टिकच्या भोपळ्यांनी भरतात.

कोणी म्हणेल, “मग कारागिरांनी खायचे काय?” माहीमच्या कंदील गल्लीत बांबूच्या कामट्या आणि कागद यांचे कंदील करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. घरी हात नसतील, तर त्यांच्याकडून अवश्य घ्या. त्यावरून निदान कुणाचा तरी हात फिरलेला असतो. भांडण आहे ते साच्यातून हजारोंनी पडणाऱ्या मालाशी. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली आणि साऱ्या देशात २०२२ साली बंदी आली. सरकार बंदी घालू शकते. पण मुलाच्या हाती दोरा आणि कात्री देण्याचे काम सरकारचे नव्हे. ते घरातल्या वडीलधाऱ्यांचे आहे.

तेव्हा आयाबायांनो आणि बापांनो, यंदा खराटा मुलांच्या स्वाधीन करा आणि कृपा करून मध्ये हात घालू नका. कंदील जरा तिरका होईल. होऊ द्या. पाहुण्यांनी विचारले, तर “आमच्या पोरांनी केलाय” असे मुलांच्या देखत ठणकावून सांगा. खराटा थोडा विरळ होईल खरा. पण अंगण झाडायला तो तरीही पुरेल.